चार पिंपे तेल आणि उलटे पाणी

दिवाळी अंक घरात आला की माणसे तो आपापल्या परीने वाटून घेतात. कथा वहिनींकडे, भविष्य आजींकडे, व्यंगचित्रे मुलांकडे. नळ्या, पाणी आणि उष्णता यांच्यावरचा लेख कुणाच्या वाट्याला जायचा? बहुधा चिवड्याचा डबा तळाला गेल्यावर, वाचायला दुसरे काही उरले नाही म्हणजे, कुणी तरी तो उघडणार! तेव्हा आधीच सांगून टाकतो: या लेखात नळ्या आहेत, थोडे आकडेही आहेत, पण मुळात ही एका माणसाच्या अब्रूची गोष्ट आहे. आणि त्या अब्रूवर पहिला डाग पाडणारा हात माझाच होता.

ठाण्याहून डोंबिवलीला

गोष्ट १९७४ सालची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट उभी राहिली, पाठोपाठ डोंबिवलीच्या माळावरही कारखान्यांची धुराडी दिसू लागली. अशाच एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात मी नुकताच चिकटलो होतो. बिऱ्हाड ठाण्याला, नौपाड्यात. सकाळी सारी डोंबिवली घड्याळाच्या काट्यावर मुंबईकडे धावत असे आणि मी मात्र उलट्या दिशेच्या गाडीत खिडकीशी पाय पसरून बसे. या ‘उलट्या दिशे’कडे पुढे पुन्हा यायचे आहे.

ते दिवस तेलाच्या टंचाईचे होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली आणि दोन-तीन महिन्यांत जगात कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. घरोघरी रॉकेलसाठी रांगा लागल्या, तर आमच्या कारखान्यात बॉयलरच्या फर्नेस ऑइलची चिंता. आमचा बॉयलर दिवसाला सुमारे दोन हजार लिटर तेल पीत असे. मालकांना रात्री झोप लागेना.

इकडे हे महागडे तेल जाळून आम्ही पाणी तापवत होतो आणि तिकडे कापड धुऊन निघालेले नव्वद अंश सेल्सिअसचे कढत पाणी गटारात सोडून देत होतो! बॉयलरमध्ये जाणारे पाणी तीस अंशांचे. गटारात जाणाऱ्या उष्णतेतली थोडी तरी या गार पाण्याला देता आली, तर तेवढे तेल वाचेल, हे शाळकरी पोरालाही कळावे. पण गटारातले पाणी रंगाचे, घाण. ते बॉयलरच्या स्वच्छ पाण्यात मिसळून कसे चालेल? दोघांची भेट व्हायला हवी, पण शिवाशिव होता कामा नये!

यावरचा उपाय म्हणजे उष्णता-विनिमयक. पुस्तकातले नाव जड आहे. कारखान्यात सगळे त्याला ‘एक्स्चेंजर’ म्हणतात. एक लांबलचक लोखंडी पिंप आडवे ठेवले आहे अशी कल्पना करा. हे झाले ‘शेल’. त्याच्या दोन्ही टोकांना आतून दोन मोठे झारे बसवले आहेत. होय, आपला बुंदी पाडायचा झारा. फक्त तो चांगला बोटभर जाड. एका झाऱ्याच्या प्रत्येक भोकातून निघालेली नळी दुसऱ्या झाऱ्याच्या समोरच्या भोकात घट्ट बसवलेली. झाली नळ्यांची जुडी तयार. रंगाचे कढत पाणी नळ्यांमधून धावते आणि स्वच्छ गार पाणी पिंपात, नळ्यांच्या भोवतालून. घाण पाणी नळ्यांत घ्यायचे कारण असे की, नळी सरळ असते. गाळ बसला तर सळईला ब्रश बांधून ती आतून घासता येते. गार पाण्याने सरळ वाट काढून पळू नये म्हणून पिंपात जागोजाग आडवे पडदे लावतात. त्यांना ‘बॅफल’ म्हणतात. त्यांच्यामुळे पाणी नागमोडी वळणे घेत, प्रत्येक नळीला अंग घाशीत पुढे जाते. नळीच्या पातळ भिंतीतून उष्णता इकडची तिकडे होते. रंग मात्र आपल्या जागी राहतो.

हिशेबात खोट

यंत्र पुरवणाऱ्याने सांगितले होते, ‘एक लिटर कढत पाण्यामागे एक लिटर गार पाणी सोडा. तीस अंशांचे पाणी सत्तर अंशांवर जाईल. तेलात सहा टक्क्यांहून थोडी अधिक बचत.’ यंत्र बसले, सुरू झाले. महिनाअखेर स्टोअरच्या कारकुनाने टाकीत काठी बुडवून तेल मोजले. बचत झाली होती. पण पाच टक्क्यांच्याही आतच. ठरल्यापेक्षा रोज सुमारे बत्तीस लिटर तेल जास्त जळत होते. सव्वीस दिवसांचा हिशेब केला तर दोनशे लिटरची चार पिंपे भरून वर थोडे उरावे एवढे तेल!

‘हे तेल गेले कुठे?’ असा प्रश्न ज्या दिवसांत तेलाला सोन्याचा भाव आला होता, त्या दिवसांत विचारला की त्याचे उत्तर एकच निघते. बोट बॉयलर-हाउसकडे वळले. तेथे रात्रपाळीला एक वयस्क अटेंडंट होते. जुन्नरकडचे, सारा कारखाना त्यांना मामा म्हणे. पन्नाशी उलटलेली, बोलणे कमी, बॉयलरची पितळ रोज चिंचेने घासून लखलखीत ठेवणारा माणूस. रात्रीची वेळ, मागचे फाटक, बाहेर तेलाला गिऱ्हाईक. संशयाला आणखी काय लागते?

मॅनेजरांनी मला बोलावले. ‘खुलासा मागणारा मेमो तयार करा,’ म्हणाले. मी नवा होतो, कायम व्हायचे होते. हिशेब तपासायचे मला सुचले नाही, असे म्हणणे खोटे होईल. सुचले, पण नको त्या भानगडीत कशाला पडा, असेही त्याबरोबरच सुचले. मी मेमो लिहिला. चांगल्या इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात लिहिला.

तो हातात देताना मला वाटले होते, मामा चिडतील, आरडाओरडा करतील. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, ‘काय लिवलंय, साहेब?’ मी अडखळत सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘तेल विकायचं असतं तर बॉयलर घासून कशापायी ठेवला असता? बरं, ते जाऊ द्या. तुमी जरा हिकडं या.’

उपड्या हाताची परीक्षा

मामांनी मला त्या नव्या एक्स्चेंजरपाशी नेले. पिंपावर उष्णता-रोधक आवरण चढायचे अजून बाकी होते. लोखंड उघडे होते. ‘हात उपडा करून लावा,’ ते म्हणाले, ‘तळवा नको, भाजंल.’ गार पाणी आत शिरत होते त्या टोकाला पिंप गार लागले. दोन पावले पुढे गेलो तर एकदम तापलेले. मध्यावर चटका बसला. आणि मध्यापासून दुसऱ्या टोकापर्यंत? तसाच चटका, तेवढाच. काही फरक नाही.

‘बघितलं?’ मामा म्हणाले. ‘निम्म्या अंगातच सारं काम उरकतंय. मग फुडल्या निम्म्या नळ्या करतात काय? मी आदी होतो तिथं असंच एक पिंप होतं. पन तिथं कढत पानी ज्या तोंडानं आत जायचं, त्याच तोंडाशी आपलं पानी तापून भाईर पडायचं. हितं दोगंबी एकाच दारानं आत शिरत्यात अन् संगतीनंच भाईर निगत्यात.’

मी थर्मामीटर आणले. कढत पाणी आत नव्वद, बाहेर साडेसाठ. गार पाणी आत तीस, बाहेर साडेएकोणसाठ. दोन्ही पाणी साठाच्या आसपास येऊन थबकले होते. ते आकडे खिशात घालून मी स्टेशनवर आलो आणि ठाण्याची गाडी पकडली.

दोन गाड्या

आता वाचकहो, कागद-पेन्सिल न घेता माझ्याबरोबर फक्त न्हाणीघरात या. एका बादलीत एक लिटर नव्वद अंशांचे पाणी घ्या आणि त्यात एक लिटर तीस अंशांचे पाणी ओता. काय होईल? दोन्ही मिळून साठ अंशांचे पाणी. म्हणजे आमचे एवढे महागडे यंत्र, त्यातले शेकडो नळ्यांचे जाळे, हे सगळे करून जे मिळत होते ते बादलीत पाणी ओतून फुकट मिळाले असते; एवढेच की रंग वेगळा राहात होता. आणि साठ ही या व्यवस्थेची हद्दच आहे. दोन्ही प्रवाह एकाच दिशेने जात असले की नळ्या दुप्पट लांब करा, चौपट करा. एक निवत जाणार, दुसरे तापत जाणार आणि साठावर दोघांची गाठ पडली की देणेघेणे संपले. उष्णता वाहते ती फरक असतो म्हणून. फरक संपला की ती जागची हलत नाही.

मी गाडीत हा विचार करीत होतो तेव्हा शेजारच्या रुळांवरून, आमच्याच दिशेने, जलद गाडी आली. काही वेळ दोन्ही गाड्या बरोबरीने धावल्या. माझ्या खिडकीसमोर त्या गाडीतले एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. एकमेकांकडे पाहिले, हसलो. मग पाहण्यासारखे काही उरले नाही. तोच माणूस, तीच खिडकी. एवढ्यात पलीकडून कल्याणकडे जाणारी गाडी आली. डबा, डबा, डबा! प्रत्येक क्षणी नवा चेहरा. आमच्या गाडीतल्या शेवटच्या उताऱ्यालाही तिकडचा कोणी ना कोणी पहिल्यांदाच भेटत होता.

मला एकदम उमगले. दोन प्रवाह समोरासमोरून आणले, तर बाहेर पडायच्या बेतात असलेल्या, बऱ्याच निवलेल्या पाण्यालाही त्या टोकाला अगदी कोरे, तीस अंशांचे पाणी भेटते. म्हणजे त्याच्याकडची राहिलेली उष्णताही खर्ची पडते. उलट, सत्तर अंशांपर्यंत तापलेल्या पाण्याला बाहेर पडताना ताजे नव्वद अंशांचे पाणी भेटते. म्हणून त्याला आणखी तापायला वाव राहतो.

त्याच यंत्राचा, तेवढ्याच नळ्यांचा हिशेब रात्री कंदिलाशी बसून मांडला, कारण वीज गेली होती. समोरासमोर प्रवाह केले तर कढत पाणी नव्वदवरून पन्नासावर उतरायला हवे आणि गार पाणी तीसवरून सत्तरावर चढायला हवे. पुरवठादाराने सांगितलेला आकडा! एका टोकाला नव्वद आणि सत्तर, दुसऱ्या टोकाला पन्नास आणि तीस. आणि मधे कुठेही पाहा, फरक वीसच अंशांचा. म्हणजे सर्व नळ्या सारख्या राबणार. याउलट आमच्याकडे सुरुवातीला फरक साठ अंशांचा, मध्यावर आठाचा, शेवटी जेमतेम एकाचा. मामांचा उपडा हात हेच सांगत होता. सगळ्यांत गंमत म्हणजे नवे सत्तर हे जुन्या पन्नासांपेक्षा जास्त! गार असलेले पाणी शेवटी कढत असलेल्या पाण्याहून वरचढ होऊन बाहेर पडते. बादलीत हे जन्मात घडणार नाही.

आणि ते दहा अंश? साठऐवजी सत्तर अंशांचे पाणी बॉयलरला मिळाले, तर दिवसाचे सुमारे बत्तीस लिटर तेल वाचते. चार पिंपे तेल कुणी विकले नव्हते. ते रोज थोडे थोडे गटारातून वाहून जात होते.

फिटरचा दोष तरी काय?

मग पाइप उलटा जोडला कुणी? चौकशीत कळले की यंत्र बसवणाऱ्या फिटरने जवळच्या तोंडाला पाण्याची लाइन जोडली होती. तेवढाच पाच-सहा फूट पाइप वाचला. त्याला विचारले तर तो सरळ म्हणाला, ‘साहेब, मी आजवर कंडेन्सर बसवले. कंडेन्सरला पाणी कुठल्याही तोंडाने द्या, सारखेच.’

आणि त्याचेही खरे होते! ठाकुर्लीचे रेल्वेचे चोळा पॉवर हाउस जुन्या कल्याण-डोंबिवलीकरांना आठवत असेल. १९८० च्या दशकात ते बंद पडले. अशा वीज-केंद्रात टर्बाइन फिरवून आलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड पाण्याच्या नळ्यांवर आदळून तिचे पाणी होते. पाणी होत असताना वाफेचे तापमान उतरत नाही. ती आपली दडलेली उष्णता देत एकाच अंशावर राहते. मग समोरचे पाणी इकडून आले काय नि तिकडून आले काय, त्याला सगळीकडे तोच शेजारी भेटणार. तेथे दिशेला महत्त्व नाही. जेथे दोघांचीही तापमाने बदलत जातात, तेथे दिशा हेच सर्वस्व. फिटर चोर नव्हता, मूर्खही नव्हता. एका ठिकाणचे खरे त्याने दुसऱ्या ठिकाणी वापरले, एवढेच.

पुढच्या साप्ताहिक सुट्टीला आम्ही दोन फ्लँज सोडवून पाण्याची आवक-जावक बदलली. दुसऱ्या दिवशी पाणी एकोणसत्तर अंशांवर निघाले. महिनाअखेर काठी बुडाली आणि तेलाचा हिशेब जुळला.

सरळ दिशेचीही बाजू

यावरून कुणी असे समजू नये की एका दिशेचा प्रवाह म्हणजे निव्वळ अडाणीपणा. आमच्या यंत्रात प्रवाह समोरासमोर केल्यावर नळीची भिंत एका टोकाला ऐंशी अंशांच्या घरात गेली. एका दिशेच्या प्रवाहात ती सगळीकडे साठाच्याच आसपास होती. जो पदार्थ जास्त तापला की नासतो, करपतो किंवा नळीला चिकटून बसतो, त्याला हा सौम्य शेजार मानवतो. दाट, चिकट तेलाला सुरुवातीलाच सणसणीत उष्णता मिळाली तर ते पातळ होऊन पुढे सहज वाहते. तेथेही सरळ दिशाच बरी. पण असे खास कारण नसेल, तर समोरासमोरच्या प्रवाहात नळ्या कमी लागतात. एक उदाहरण देतो. नव्वदचे पाणी साठावर आणायचे आणि त्यावर तीसचे पाणी पन्नासावर न्यायचे, तर समोरासमोरच्या प्रवाहाला जेथे शंभर नळ्या पुरतात, तेथे एका दिशेच्या प्रवाहाला सव्वाशे लागतात. काही यंत्रांत नळ्यांमधले पाणी एका टोकाकडून जाऊन वळून परत येते. म्हणजे निम्मा प्रवास सरळ आणि निम्मा उलटा. त्यांचा गुण या दोहोंच्या मधला.

माणसाने हे यंत्र बनवण्याच्या कितीतरी आधी निसर्गाने ते वापरले आहे. बाजारात मासळी ताजी आहे का, हे बायका कल्ले उचलून बघतात. त्या लाल कल्ल्यांत माशाचे रक्त एका दिशेने वाहते आणि पाणी त्याच्या उलट दिशेने. पाण्यात प्राणवायू मुळात थोडा. दोघे एका दिशेने वाहते तर निम्म्यावरच देवघेव थांबली असती. उलट दिशेमुळे मासा निम्म्याहून पुष्कळ अधिक प्राणवायू काढून घेतो. ठाण्याच्या खाडीतला मासाही हेच करतो आणि त्यासाठी त्याला कुठल्या कॉलेजात जावे लागत नाही! आपल्या घरी येणारे पिशवीतले दूध डेअरीत बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद तापवतात. तेथे नळ्यांऐवजी पातळ पत्रे असतात; पण तापून निघालेले दूध नव्याने येणाऱ्या गार दुधाला समोरून भेटते, त्याला आपली बरीचशी उष्णता देते आणि स्वतः निवते. म्हणून एवढे दूध तापवूनही इंधन थोडक्यात भागते.

राहिलेले देणे

तेलाचा हिशेब जुळला, पण माझा जुळला नव्हता. मॅनेजरांनी मेमो फायलीतून काढून फाडला. ‘झाले ना? संपले,’ म्हणाले. मामांना मात्र कुणी काही कळवले नाही. ते रोज पितळ घासत होते आणि माझ्याशी पूर्वीइतकेच मोजके बोलत होते. महिनाभर मी ते चालवून घेतले.

त्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी गाडी न पकडता मी त्यांच्या चाळीत गेलो. अंगणात त्यांची नात रांगोळी घालीत होती. मी म्हटले, ‘मामा, तो कागद मी लिहिला होता. मॅनेजरांनी सांगितले खरे, पण हिशेब न तपासता लिहिला मीच. माझे चुकले.’

मामा काही बोलले नाहीत. आतून चकल्यांची ताटली आली. ती माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, ‘साहेब, तुमी कागद द्यायला आला तवाबी समोरनं आला, आन् आजबी समोरनंच आला. पाठनं कुनी कायबी बोललं असतं, तर मला पिंपाला हात लावून दाखवायला मिळालं असतं का?’

त्यांनी ते सहज म्हटले. मी मात्र पुढे चाळीस वर्षे नोकरी केली, पुष्कळ यंत्रे पाहिली, आणि कुठेही हिशेबात खोट दिसली की आधी उपडा हात यंत्राला लावला, मग कागदाला. मेमो पुष्कळ लिहावे लागले. पण समोरच्या माणसाला काय म्हणायचे आहे ते ऐकल्याशिवाय लिहिलेला, तो पहिला आणि शेवटचा.